अंदाज

घड देठानं धरायचा,
मण्याला बोट लावायचं नाही.
बोट लागलं की वरची पांढरी पूड पुसली जाते
आणि बोरस्तेसाहेब म्हणतात, भोयेबाई, हा लोकलला.

चार हंगाम माझा एकही घड लोकलला गेला नव्हता.

मग दसऱ्यानंतरच्या छाटणीत कातर निसटली.
मनगटाच्या आतल्या अंगाला, बांगडी टेकते तिथं.
रक्त फार नाही. नाशकात, द्वारकेजवळच्या दवाखान्यात
सात टाके. टाके सुकले.
अंगठा, त्याच्या शेजारचं, मधलं,
तिन्ही बोटं जागेवर आहेत, सांगितलं तर हलतात,
पण चिमटा काढला तर निरोप येत नाही.

पहिल्या आठवड्यात तीन कप.
दोन हातातून गेले, एक हातातच फुटला.
सासू म्हणाली, लक्ष कुठंय?
लक्ष कपावरच होतं.
कपाशिवाय कशावरच नव्हतं.

तरन्नुम मॅडमच्या टेबलावर दोन डबे.
एक मोठा, पत्र्याचा. एक चिमुकला.
उचल म्हणाल्या.
मोठ्याला मी कंबर कसून हात घातला
आणि तो छताकडेच निघाला. रिकामा.
चिमुकल्यात शिशाचे छर्रे, तो टेबल सोडेना.
मॅडम हसल्या: माझंही असंच होतं, सगळ्यांचंच होतं.
डोळा आधी बोलून मोकळा होतो,
आकार बघतो आणि हाताला सांगतो, एवढा जोर लाव.
चुकला तर कातडी ओरडते,
अगं सुटतंय, अगं फार दाबतेयस,
आणि हात ऐकतो, तुला कळायच्याही आधी.

माझी कातडी ओरडत नाही.
म्हणून हात घाबरतो, सगळंच आवळून धरतो,
जत्रेच्या गर्दीत पोराचं मनगट धरावं तसं.

आता डोळे मिटून.
मिटले. काय उचललं कळेना.
उघडले तर बोटांत अंडं होतं.
होतं म्हणजे, थोडा वेळ होतं.

तर आता शिकतेय.
नख पांढरं पडलं, जोर जास्त झाला.
पेल्यातलं पाणी कललं, पेला सरकतोय.
दुधाची पिशवी उचलताना कालची पिशवी आठवायची.
वजन आठवणीत असतं हे मला माहीतच नव्हतं,
मला वाटायचं ते वस्तूत असतं.
करंगळी अजून जागी आहे. तिला मधे घालते,
भांडणात धाकट्या जावेला घालावं तशी.

माघात पुन्हा मोहाडीच्या पॅकहाउसवर आले.
डोक्याला जाळी, हातात रबरी मोजे.
मोजे घातले की सगळ्याच बाया थोड्या माझ्यासारख्या.
त्यांचे सहा वाजता निघतात.

परवा साडेचारला लाईट गेली.
शीतगृहाशेजारची खोली, खिडकी नाही.
बायांनी घड खाली ठेवले, लगेच गप्पा.
माझ्या उजव्या हातात घड होता.
की नव्हता?
पडल्याचा आवाज आला नव्हता, एवढाच पुरावा.
दाबला नाही. सोडला नाही.
जनरेटरवाला कुणाला तरी डिझेल विचारत होता.
मग तो हात हळूहळू वर आणला,
दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा,
आणि हनुवटीला लावला.

गार.
गोल गोल. एक मणी ओठालाही लागला.

होता.

लाईट आली. बोरस्तेसाहेब फिरत आले,
घड उजेडात धरला:
भोयेबाई, इथली पूड पुसली गेलीय. लोकलला.

म्हटलं, टाका.
आणि पुढचा घड आधी नीट बघितला.
देठ केवढा, मणी कसे भरलेत,
असेल साडेतीनशे ग्रॅम, थोडा वरच,
मग हात पाठवला.